तीन फासे, नऊ खेळाडू

बाहेर पाऊस कोसळत असला, मैदानात गुडघाभर चिखल झालेला असला, की मधल्या सुट्टीत वर्गात एक खेळ हमखास सुरू होतो. एक जाडसर पुस्तक घ्यायचे, न पाहता मध्येच कुठेतरी उघडायचे आणि डाव्या पानाच्या क्रमांकातला शेवटचा अंक वाचायचा. दोन आला तर दोन धावा, चार आला तर चौकार, सहा आला तर षटकार, आठ आला तर आठ धावा. शून्य आले की गडी बाद! तुमच्यापैकी पुष्कळांनी हे पुस्तकातले क्रिकेट खेळले असेल. वहीच्या मागच्या पानावर दोन्ही संघ लिहून, धावफलक मांडून, अगदी पाच पाच कसोट्यांची मालिकासुद्धा खेळली असेल.

आता या खेळाचे थोडे गणित करू या. डाव्या पानाचा क्रमांक नेहमी सम असतो. म्हणजे शेवटी ०, २, ४, ६, ८ यांपैकीच एक अंक येणार आणि प्रत्येकाची शक्यता सारखी, पाचात एक. पाच वेळा पुस्तक उघडले तर सरासरीने एकदा गडी बाद होईल आणि उरलेल्या चार वेळांत २ + ४ + ६ + ८ म्हणजे २० धावा निघतील. याचा अर्थ, तुमच्या संघातल्या प्रत्येक फलंदाजाची सरासरी लांब पल्ल्यात २० च्या आसपास येणार.

इथेच खेळाची मेख आहे. सुनील गावसकर यांनी १२५ कसोटी सामन्यांत १०,१२२ धावा काढल्या, सरासरी ५१.१२. भागवत चंद्रशेखर यांनी ५८ कसोट्यांत २४२ बळी घेतले, पण धावा काढल्या अवघ्या १६७, सरासरी ४.०७. पुस्तकाला यातले काहीच ठाऊक नसते. ते गावसकरांनाही वीस देते आणि चंद्रशेखरांनाही वीस! मग संघ निवडायचा कशाला? कोणीही अकरा नावे लिहिली तरी फरक पडत नाही.

एका मुलाचे समाधान होईना

अशीच अडचण अमेरिकेतल्या मुलांनाही होती. फक्त त्यांचा खेळ होता बेसबॉल. फासे टाकून किंवा चकती फिरवून खेळायचे बेसबॉल तिकडे बऱ्याच वर्षांपासून मिळत असे. खऱ्या खेळाडूंच्या कामगिरीवर आधारलेले कार्डांचे खेळही होते. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर गावी रिचर्ड साइट्झ यांनी १९५१ मध्ये ‘अ‍ॅपबा’ नावाचा असा खेळ बाजारात आणला. त्याच्याही आधी न्यूयॉर्कजवळ राहणारा हॅल रिचमन नावाचा अकरा वर्षांचा मुलगा १९४८ मध्ये स्वतःचा खेळ रचू लागला होता. पुढे महाविद्यालयात तो गणित शिकला. कोणत्या बेरजेचे दान किती वेळा पडते याच्या आधारे त्याने खेळाडूंची कार्डे तयार केली. १९६१ मध्ये त्याने ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ हा खेळ विकायला काढला. सुरुवातीला धंदा चालेना. तेव्हा त्याने वडिलांकडून उसने पैसे घेतले आणि शब्द दिला, की या खेपेस जमले नाही तर मुकाट्याने तुमच्या विमा-व्यवसायात येईन. त्या खेपेस मात्र जमले!

या खेळांनी अमेरिकेत एक नवाच छंद रुजवला. आठ, दहा, बारा मित्र एकत्र येत. प्रत्येक जण एका संघाचा व्यवस्थापक. खरे खेळाडू कार्डरूपाने आपापसांत वाटून घ्यायचे, संघ बांधायचा आणि वर्षभर फाशांवर सामने खेळायचे. याला अनुकरण-लीग म्हणू या. आजही अशा लीग कागदी कार्डांवर आणि संगणकावर अशा दोन्ही प्रकारे चालतात. समजा, तुम्हालाच अशा लीगमध्ये एक संघ मिळाला आहे. काय कराल?

आधी बेसबॉल थोडक्यात

बेसबॉलचा संघ नऊ जणांचा. मैदानाच्या एका कोपऱ्यात चार तळांचा एक चौकोन असतो. दोन तळांमधले अंतर ९० फूट. गोलंदाजाला पिचर म्हणतात. तो सुमारे ६० फुटांवरून चेंडू टप्पा न पाडता फेकतो. फलंदाजाने चेंडू टोलवून पहिला, दुसरा, तिसरा तळ गाठत पुन्हा मूळ जागी परतले, की एक धाव. चेंडू थेट कुंपणापार गेला तर तो होमरन. पिचरने चार चेंडू कक्षेबाहेर टाकले आणि फलंदाजाने ते सोडून दिले, तर त्याला पहिला तळ फुकट मिळतो. याला वॉक म्हणतात. तिघे बाद झाले की संघाचा एक डाव संपतो. असे नऊ डाव असतात.

म्हणजे सामन्यात तुमच्या संघाजवळ नऊ त्रिक सत्तावीस बाद, एवढीच पुंजी असते. ती संपेपर्यंत तुम्ही धावा करू शकता. हा २७ चा आकडा लक्षात ठेवा. चांगल्या व्यवस्थापकाचा सारा हिशोब त्याच्याभोवती फिरतो.

बेसबॉलमध्ये दहापैकी तीन वेळा टोला साधणारा फलंदाज उत्तम समजला जातो. त्याची सरासरी ०.३०० अशी लिहितात. बोस्टनच्या टेड विल्यम्स यांनी १९४१ मध्ये ४५६ संधींत १८५ टोले साधले, सरासरी ०.४०६. पण या सरासरीत वॉक मोजले जात नाहीत. त्या वर्षी विल्यम्सना १४७ वॉक मिळाले होते आणि तीनदा अंगावर चेंडू लागल्यामुळे तळ मिळाला होता. सगळे धरले तर ६०६ पाळ्यांत ते ३३५ वेळा बाद न होता तळावर पोहोचले, म्हणजे दर शंभरात ५५ वेळा! संघाची पुंजी २७ बाद हीच असेल, तर ‘किती टोले मारले’ यापेक्षा ‘किती वेळा बाद झाला नाही’ हा प्रश्न जास्त मोलाचा ठरतो. संघ निवडताना नवखे व्यवस्थापक पहिला आकडा पाहतात, मुरलेले दुसरा.

कार्डाचे गणित

आता रिचमनची युक्ती पाहा. प्रत्येक खेळाडूला एक कार्ड. कार्डावर तीन रकाने आणि प्रत्येक रकान्यात २ ते १२ अशा अकरा ओळी. प्रत्येक ओळीपुढे एक निकाल छापलेला असतो: टोला, वॉक, होमरन, बाद असे. फासे तीन. त्यांतला एक वेगळ्या रंगाचा. त्यावर १, २ किंवा ३ पडले तर फलंदाजाच्या कार्डावरचा तो रकाना पाहायचा. ४, ५ किंवा ६ पडले तर पिचरच्या कार्डावरचा. उरलेल्या दोन फाशांची बेरीज करायची आणि त्या ओळीवरचा निकाल वाचायचा. निम्म्या वेळा फलंदाजाचे कार्ड बोलते, निम्म्या वेळा पिचरचे. पुस्तकातल्या क्रिकेटमध्ये गोलंदाजाला काही कामच नव्हते. इथे त्याला बरोबरीचा वाटा मिळाला.

दोन फाशांची बेरीज २ येण्याचा मार्ग एकच: १ आणि १. बेरीज ७ येण्याचे मार्ग मात्र सहा: १-६, २-५, ३-४, ४-३, ५-२, ६-१. एकूण मार्ग ३६. म्हणून सातव्या ओळीत छापलेला होमरन दुसऱ्या ओळीतल्या होमरनच्या सहापट वेळा येतो. तिन्ही फासे धरले तर एकंदर २१६ प्रकारची दाने पडू शकतात. एखाद्याच्या कार्डावर एका रकान्यात सातव्या ओळीला होमरन असेल, तर त्या जागेवरून २१६ मध्ये ६, म्हणजे ३६ पाळ्यांत एक होमरन मिळेल. सहाशे पाळ्यांच्या हंगामात झाले सुमारे १७.

मग खेळाडूची खरी कामगिरी कार्डावर कशी उतरवायची? समजा, एक फलंदाज खऱ्या मैदानावर शंभरात ४० वेळा तळावर पोहोचतो आणि लीगची सरासरी शंभरात ३२ आहे. सरासरी पिचरच्या कार्डावर शंभरात ३२ हेच प्रमाण असणार. दोन्ही कार्डे निम्मी निम्मी वापरली जातात. तेव्हा फलंदाजाच्या कार्डावर क्ष प्रमाण हवे असेल तर

(क्ष + ३२) ÷ २ = ४०

यावरून क्ष = ४८. एका कार्डावर तीन रकाने गुणिले ३६, अशी १०८ दाने असतात. त्यांच्या शंभरात ४८ म्हणजे जवळजवळ ५२. तेव्हा ५२ दानांपुढे ‘तळ मिळाला’ असे निकाल छापायचे. ताळा पाहा: पिचरच्या कार्डावर १०८ च्या शंभरात ३२ म्हणजे सुमारे ३५ दाने. ५२ + ३५ = ८७. आणि २१६ मध्ये ८७ म्हणजे शंभरात ४०! प्रत्यक्ष कार्डांत क्षेत्ररक्षणाचाही हिशोब असतो आणि अपूर्णांक जुळवायला वीस पैलूंचा आणखी एक फासा वापरतात. पण मूळ तत्त्व हेच. नववीतल्या कोणालाही सोडवता येईल अशा समीकरणावर हा खेळ उभा आहे.

संघ बांधताना

लीगमध्ये आठ व्यवस्थापक आहेत असे समजा. खेळाडू निवडायचा क्रम नागमोडी असतो: पहिल्या फेरीत एक ते आठ, दुसऱ्या फेरीत उलटे आठ ते एक. चिठ्ठ्या टाकल्या आणि तुमचा पहिला क्रमांक लागला. छान! पण तुमची पुढची पाळी थेट सोळावी. मधल्या वेळात चौदा खेळाडू उचलले जाणार.

तुमच्यापुढे दोन कार्डे आहेत. एक आहे पहिल्या तळावरचा धिप्पाड फलंदाज. तो हंगामात संघाच्या पदरात ११० धावा टाकील असा तुमचा अंदाज आहे. दुसरा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या तळांमध्ये उभा राहणारा क्षेत्ररक्षक. त्याच्या धावा ८५. कोणाला घ्याल?

‘अर्थात ११० वाल्याला!’ असे म्हणालात ना? थांबा. सोळाव्या पाळीला काय उरलेले असेल तेही पाहा. पहिल्या तळावर उभे राहायला फार चपळाई लागत नाही, म्हणून तिथे दणकट फलंदाज पुष्कळ मिळतात. सोळाव्या पाळीलाही १०२ धावांचा कोणीतरी उरेल. शॉर्टस्टॉपकडे मात्र चेंडू फार येतात; तिथे चपळ माणूसच लागतो आणि जो चपळही आहे व फलंदाजही चांगला आहे असा विरळाच. सोळाव्या पाळीपर्यंत चांगले शॉर्टस्टॉप संपतील आणि ६० धावांचा उरेल.

आता बेरीज करा. आधी फलंदाज, मग शॉर्टस्टॉप: ११० + ६० = १७०. आधी शॉर्टस्टॉप, मग फलंदाज: ८५ + १०२ = १८७. कमी धावांचा खेळाडू आधी घेतल्यामुळे सतरा धावांचा फायदा झाला! खेळाडूची किंमत त्याच्या एकट्याच्या आकड्यात नसते; त्याच्याऐवजी जो मिळाला असता त्याच्याशी असलेल्या फरकात असते. अर्थशास्त्राच्या पुस्तकात हाच विचार वेगळ्या नावाने भेटेल.

सतरा धावांनी काय होते? याचे उत्तर बिल जेम्स यांनी दिले. हे गृहस्थ कॅन्ससमध्ये डबाबंद खाद्याच्या कारखान्यात रात्रपाळीचे पहारेकरी होते. पहारा देता देता ते बेसबॉलच्या नोंदींचा अभ्यास करीत. १९७७ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष स्वतःच छापून विकायला सुरुवात केली. त्यांना आढळले, की संघाने केलेल्या धावांचा वर्ग, भागिले (केलेल्या धावांचा वर्ग + दिलेल्या धावांचा वर्ग), हे गुणोत्तर संघाच्या विजयांच्या प्रमाणाशी बरेच जुळते. वर्गांच्या बेरजेमुळे या सूत्राला पायथागोरसचे नाव चिकटले. मोठ्या लीगचा हंगाम १६२ सामन्यांचा असतो. ७५० धावा करणारा आणि ७०० देणारा संघ या सूत्राने ८६ किंवा ८७ सामने जिंकेल. धावा ७५० च्या ७६७ करा आणि पुन्हा गणित मांडा. उत्तर ८८ च्या थोडे पुढे जाईल. जवळजवळ दोन विजय वाढले, तेही एकही फासा न टाकता!

तळ चोरावा की नाही?

सामना सुरू झाला. तुमचा एक खेळाडू पहिल्या तळावर आहे, अजून कोणी बाद नाही. पिचर चेंडू टाकत असतानाच धूम ठोकून दुसरा तळ गाठता येतो. याला तळ चोरणे म्हणतात. जमले तर उत्तम, पकडला गेला तर बाद. काय करावे?

असे प्रश्न ‘मला वाटते’ म्हणून न सोडवता नोंदी ठेवून सोडवावेत, असे सांगणाऱ्या पहिल्या काही लोकांत कॅनडाचे संरक्षण-संशोधक जॉर्ज लिंडसे होते. शेकडो सामन्यांच्या नोंदी तपासून त्यांनी १९६३ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. कोणत्या तळावर खेळाडू आहेत आणि किती जण बाद आहेत, यावरून त्या डावात पुढे सरासरी किती धावा होतात याचे कोष्टक त्यांनी दिले. अलीकडच्या हंगामांचे आकडे घेतले तर ढोबळमानाने असे दिसते: पहिल्या तळावर खेळाडू, बाद कोणी नाही, तर पुढे सरासरी ०.८५ धाव. दुसऱ्या तळावर खेळाडू, बाद कोणी नाही, तर १.१०. तळ रिकामे आणि एक जण बाद, तर ०.२५.

चोरी साधली तर ०.८५ चे १.१० होतात, फायदा पाव धावेचा. फसली तर ०.८५ चे ०.२५, तोटा ०.६० धावेचा. तोटा फायद्याच्या दुपटीहून जास्त आहे! फायदा-तोटा समसमान होण्यासाठी शंभरात सुमारे ७१ वेळा यश यायला हवे. तुमच्या धावपटूला वीस पैलूंच्या फाशावर १ ते १५ या दानांना तळ मिळणार असेल तर धावू द्या. १ ते १२ ला मिळणार असेल तर तो कितीही चुळबुळ करो, त्याला जागेवरच ठेवा. अर्थात शेवटच्या डावात जिंकायला एकच धाव हवी असेल, तर सरासरीपेक्षा ती एक धाव मिळण्याची शक्यता महत्त्वाची ठरते आणि हिशोब बदलतो. म्हणून व्यवस्थापकाने नुसते कोष्टक पाठ करून भागत नाही. प्रश्न कोणता आहे हेही ओळखावे लागते.

खरी कसोटी

इथपर्यंत सगळे बेरीज-वजाबाकीचे होते. आता अवघड भाग येतो.

तुम्ही विचार करून ०.३०० चा एक फलंदाज घेतला. पहिल्या पाच सामन्यांत त्याला वीस संधी मिळाल्या आणि टोले फक्त तीन. राखीव बाकावर ०.२५० चा एक साधा फलंदाज बसला आहे. गेल्या आठवड्यात त्याने एका सामन्यात तीन टोले मारले. तुमचा संघ चार सामने हरला आहे. मित्र चिडवताहेत. ‘अरे, तो तुझा मोठा फलंदाज झोपलाय. काढ त्याला!’ काढाल का?

संभाव्यतेचे गणित काय म्हणते पाहू. ०.३०० च्या फलंदाजाने वीस संधींत सहा टोले मारावेत ही अपेक्षा. पण चार किंवा त्याहून कमी टोले निघण्याची शक्यता शंभरात २४ आहे, म्हणजे जवळजवळ चारात एक. उलट ०.२५० च्या फलंदाजाला वीसपैकी सहा किंवा जास्त टोले मिळण्याची शक्यता शंभरात ३८! तेव्हा पाच सामन्यांत थोर फलंदाज रडका दिसावा आणि साधा फलंदाज थोर दिसावा, यात नवल काही नाही. दोघांत ५५० संधींच्या अख्ख्या हंगामात फरक पडतो तो २७-२८ टोल्यांचा. हंगाम सहा महिन्यांचा. म्हणजे आठवड्याला साधारण एक टोला! नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला हा फरक दिसणारच नाही. तो दिसतो वहीत.

आणि मुख्य गोष्ट: कार्ड बदललेले नाही. ५२ दानांचे कार्ड सात वेळा फसले तरी आठव्या वेळी ५२ दानांचेच असते. फाशाला मागचे आठवत नाही. म्हणून व्यवस्थापकाने निर्णयाची पारख फासे टाकण्याआधी करायची असते, टाकल्यानंतर नाही. शंभरात ७५ वेळा साधणारी चोरी या खेपेस फसली, तरी निर्णय बरोबरच होता. शंभरात ४० वेळा साधणारी चोरी आज साधली, तरी निर्णय चुकीचाच होता. हरल्यावर स्वतःला असे बजावणे सोपे नाही. आणि जिंकल्यावर तर त्याहून अवघड!

संघांचेही तसेच. अगदी मध्यम संघ, ज्याची प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता निम्मी आहे, तो १६२ पैकी ८१ सामने जिंकेल ही अपेक्षा. पण निव्वळ नशिबाने त्याचे विजय तीनपैकी दोन हंगामांत ७५ ते ८७ च्या दरम्यान कुठेही पडतील आणि तिसऱ्या हंगामात त्याच्याही बाहेर.

फसवे कार्ड

आता उलटी बाजू. कार्ड खऱ्या कामगिरीवरून बनते. पण ती कामगिरी किती संधींतली? एखाद्या नवख्या खेळाडूला वर्षभरात वीसच संधी मिळाल्या आणि त्याने आठ टोले मारले, तर त्याची सरासरी ०.४०० आणि त्याचे कार्ड टेड विल्यम्सच्या तोडीचे! म्हणून जाणत्या लीगमध्ये नियम असतो, की खेळाडूला प्रत्यक्षात जेवढ्या संधी मिळाल्या तेवढ्याच लीगमध्येही द्यायच्या.

काही लीगमध्ये खेळाडू वर्षानुवर्षे आपल्याकडे ठेवता येतात आणि दर वर्षी त्याचे नवे कार्ड येते. तिथे मोह आणखी वाढतो. गेल्या हंगामात एकदम चमकलेला खेळाडू पुढच्या हंगामात बहुधा सरासरीकडे सरकतो, कारण त्या चमकण्यात गुणांबरोबर थोडे दैवही असते आणि दैव दर वर्षी तेच राहत नाही. हे तत्त्व इंग्लंडच्या फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीच्या मोजमापांवरून मांडले होते. फार उंच आईवडिलांची मुले उंच असतात, पण सरासरीने आईवडिलांइतकी नाहीत. म्हणून शहाणा व्यवस्थापक एका वर्षाचा दिवाळीचा फटाका दुसऱ्याला देऊन टाकतो आणि तीन-चार वर्षे मंद पण सारखा तेवणारा दिवा मागून घेतो.

फाशांवर खऱ्या जगाची नक्कल करणे हा केवळ मुलांचा चाळा नव्हे बरे का! १९४६ मध्ये स्टॅनिस्लाव उलाम हे गणितज्ञ आजारातून उठताना पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव मांडत बसत. डाव सुटण्याची शक्यता सूत्राने काढणे फार किचकट. त्यांच्या मनात आले, की शंभर डाव मांडून किती सुटतात ते मोजले तर? त्यातून त्यांनी आणि जॉन फॉन न्यूमन यांनी ‘माँटे कार्लो पद्धत’ उभी केली. अणूच्या गाभ्यातून निघालेल्या कणांच्या प्रवासापासून पुलांच्या सुरक्षिततेपर्यंत अनेक ठिकाणी ती आज वापरतात. संगणक एकाच संघाचा हंगाम हजार वेळा खेळून दाखवतो, तेव्हा तो उलामांचाच डाव मांडत असतो.

१९८१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या बेसबॉलपटूंनी संप केला आणि वर्षातला सर्वांत मानाचा सामना ठरलेल्या दिवशी होऊ शकला नाही. तेव्हा क्लीव्हलँडच्या त्याच प्रचंड मैदानात रिचमनची कार्डे आणि फासे आणून तो सामना खेळला गेला! खेळाडू नव्हते, पण त्यांच्या आकड्यांनी खेळ चालू ठेवला.

करून पाहा

साहित्य: दोन रिकामे डबे आणि चाळीस सारख्या चिठ्ठ्या. पहिल्या डब्यात वीस चिठ्ठ्या टाका. सहांवर खूण करा. हा ०.३०० चा थोर फलंदाज. दुसऱ्या डब्यातही वीस चिठ्ठ्या, पण खुणा पाचच. हा ०.२५० चा साधा. थोर आणि साधा यांच्यात फरक आहे तो वीसात एका चिठ्ठीचा!

वर्गातल्या प्रत्येकाने प्रत्येक डब्यातून वीस वेळा चिठ्ठी काढावी. प्रत्येक वेळी चिठ्ठी परत टाकून डबा नीट हलवावा, नाहीतर शक्यता बदलेल. खुणेच्या चिठ्ठ्या मोजून वहीत लिहाव्यात. चाळीस मुलांच्या वर्गात सुमारे बारा जणांना साधा फलंदाज वरचढ दिसेल, आणखी पाचेक जणांना दोघे सारखे वाटतील. त्यांना विचारा, तुम्ही संघात कोणाला ठेवाल? मग फळ्यावर सगळ्या वर्गाची बेरीज करा. आठशे-आठशे चिठ्ठ्यांच्या बेरजेत थोर फलंदाज जवळजवळ नक्कीच पुढे निघेल. शिक्षकांनी हा प्रयोग संभाव्यतेच्या पाठाआधी घ्यावा. नंतर व्याख्या सांगायला फार वेळ लागत नाही.

हा प्रयोग झाल्यावर डबे उघडून खुणा मोजता येतात. लीगमध्येही कार्ड समोर छापलेले असते. खऱ्या आयुष्यात मात्र डबा बंद असतो. एखादा मित्र एका चाचणीत मागे पडला, एखादी मुलगी एका शर्यतीत हरली, तुमचाच एखादा प्रयोग पहिल्या खेपेस फसला, तर आपल्याला दिसते ती फक्त एक चिठ्ठी. डब्यात किती खुणा आहेत ते तिच्यावरून कळत नाही. तेव्हा निकाल द्यायच्या आधी आणखी काही चिठ्ठ्या काढा, आणि तोवर वहीत नोंद ठेवत राहा.